संकटतारिणी सीडी आणि कावळीचा आरसा

एका जंगलात एक कॉम्प्युटर होता. हसू नका. जंगलात कॉम्प्युटर कशाला, असं विचारणाऱ्या पोरांनी मागं बसा. ते शेवटी सांगते. आत्ताच सांगितलं तर तुम्ही उठून खेळायला पळाल.

तर त्या जंगलात एक मोठं तळं होतं. तळ्याला लोखंडी दार होतं. दार वर उचललं की पाणी पाटानं खाली जायचं आणि उतारावरच्या डबक्यात पडायचं. डबक्यात बेडूक राहायचे. दार उघडलं तर डबकं, नाही उघडलं तर चिखल. एवढं ध्यानात ठेवा. सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

आधी त्या दाराला एक दांडा होता. कुणीही यावं, दांडा फिरवावा, दार उघडावं. मग कॉम्प्युटर आला. सकाळी ऊन वर आलं की तो आपसूक दार उघडायचा आणि अंधार पडला की बंद करायचा. चांगली गोष्ट होती, मी नाही म्हणत नाही. पण उद्घाटनाचा फोटो काढायचा होता आणि फोटोत तो दांडा मागासलेला दिसत होता. सरपंचांनी तो कापून टाकायला लावला.

सरपंच म्हणजे रानगवा. सगळे त्याला आबासाहेब म्हणायचे. अंगानं डोंगराएवढा होता. डोकंही डोंगरासारखंच होतं, एकदा बसलं की हलायचं नाही.

कॉम्प्युटर बसवला एका रोहित पक्ष्यानं. लांब पायांचा, गुलाबी पाहुणा. थंडीत यायचा आणि उन्हाळ्यात निघून जायचा. त्यानं त्या कॉम्प्युटरमध्ये लिनक्स घातलं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारा आतला कारभारी. जंगलाच्या कारभाऱ्यापेक्षा पुष्कळ बरा. फुकट काम करायचा आणि मधूनच चहाला जायचा नाही. सुरू होताना पडद्यावर एक पक्षी दिसायचा, पोट पुढं काढून बसलेला. आबासाहेबांना वाटायचं ते आपलंच चित्र आहे. कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. कोण करणार?

जाताना पाहुण्यानं दोन सीड्या करून दिल्या. सगळ्यांना समोर बसवून त्यानं सांगितलं, की एखाद्या दिवशी हा कॉम्प्युटर उठायचा नाही. यंत्र आहे, होतं असं. तेव्हा बोंब मारायची नाही. ही सीडी आत घालायची आणि त्याला सीडीवरून उठवायचं. मग आत शिरून काय मोडलंय ते बघायचं आणि नीट करायचं. एक सीडी डब्यात घालून ठेवा. दुसरी मधूनमधून लावून बघत जा, म्हणजे हात बसेल.

सगळ्यांनी माना डोलावल्या. पाहुणा उडाला. तो दिसेनासा व्हायच्या आत सगळे विसरले.

लावून बघायची सीडी, कॉम्प्युटर होता त्या कचेरीच्या खिडकीत पडून होती. ती एका दुपारी सुंदरा कावळीनं उचलून नेली. चकचकीत वस्तू दिसली की तिच्यानं राहवत नसे. ती सीडी गेली हे कुणाला कळलंसुद्धा नाही. कळणार कसं? लावून कुणी बघतच नव्हतं. पुढं एकदा कचेरीतल्या भाऊसाहेबांना खिडकीत धूळ बसायला जागा जास्त दिसली, तेव्हा चौकशी झाली. मग सभा भरली आणि कावळीचा निषेध झाला. निषेध झाल्यावर सगळ्यांना सीडी परत मिळाल्यासारखं वाटलं आणि ते घरी गेले.

भाऊसाहेब म्हणजे कोल्हा. कचेरीचा कारभार त्याच्याकडं. तो म्हणाला, आता एकच राहिली, तिला जिवापाड जपलं पाहिजे.

आणि जपली की हो त्यांनी. तिचं नाव ठेवलं संकटतारिणी. डब्यातून काढली आणि काचेच्या कपाटात मखमलीवर बसवली. कपाटाला कुलूप. किल्ली आबासाहेबांच्या शिंगाला. कॉम्प्युटर सांभाळायला एक मुंगूस होता, हणमंता. भला होता बिचारा, पण नमस्कार फार करायचा. एकदा त्यानं विचारलं, की ती सीडी एकवार लावून बघू का? भाऊसाहेब म्हणाले, "हणमंता, देवीला कामाला लावतोस?" हणमंतानं कान धरले आणि परत कधी विचारलं नाही.

असं सगळं सुखात चाललं होतं. मग आली खंडेनवमी.

खंडेनवमीला आपण काय करतो? कोयता, विळा, शिलाईयंत्र, रिक्षा, ज्याच्यावर पोट आहे त्याची पूजा करतो. जंगलानं ठरवलं की यंदा संकटतारिणीची पूजा करायची, आणि धूमधडाक्यात करायची. मांडव घातला. सीडी पाटावर ठेवली. चकचकीत बाजू वर, कारण देवीचं तोंड लोकांकडं पाहिजे. त्या चकचकीत तोंडाला चंदनाचा लेप दिला. त्यावर हळद, त्यावर कुंकू, त्यावर अक्षता. मधल्या भोकातून झेंडूची माळ ओवली. भोक कशासाठी ठेवलंय ते आत्ता कळलं, असं आबासाहेब म्हणाले.

मग आरतीला लाऊडस्पीकर पाहिजे. आणि कचेरीत पिन घालायला जागा एकच.

त्या जागी कॉम्प्युटरची पिन होती. हणमंतानं सकाळी त्याचं अपडेट लावलं होतं. अपडेट म्हणजे आतल्या कारभाऱ्याला नवे कपडे घालणं. पडद्यावर लिहिलं होतं, काम चालू आहे, बंद करू नका. नवे कपडे घालताना मध्येच दिवा घालवला तर माणूस विजारीच्या एकाच नळीत दोन्ही पाय घालून पडतो, हे तुम्हाला कळतं. भाऊसाहेबांना कळलं नाही. त्यांनी पिन उपसली आणि लाऊडस्पीकरची खुपसली.

आरती मात्र फार सुरेख झाली. पार पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेली.

आरतीनंतर पिन परत लावली. कॉम्प्युटर घुरघुरला. पोटवाला पक्षी आला नाही. पडदा काळाच राहिला. त्यावर एक शब्द आला, रेस्क्यू, म्हणजे संकटातून सोडवणं, आणि पुढं एक बारकी रेघ लुकलुकत राहिली. हणमंता घाबरला. भाऊसाहेबांनी शब्द वाचला आणि हात जोडले. म्हणाले, बघा, कॉम्प्युटरसुद्धा संकटतारिणीचं नाव घेतोय.

तिकडं दार काही उघडलं नाही. पाटात पाणी आलं नाही.

आता उतारावरच्या डबक्यात एक बेडकी होती, हौसाक्का. त्या वर्षी तिला पोरं झाली होती. बेडकीची लहान पोरं तुम्ही पाहिली असतील. डोकं आणि शेपटी, बास. पाय फुटले नाहीत तोवर त्यांना पाण्याबाहेर पडता येत नाही. आश्विनातलं ऊन, परतीच्या पावसानं तोंड दाखवलेलं नाही, आणि वरून पाणी बंद. दुपारपर्यंत डबकं काठानं आत सरकलं. काठावर करंजाचं झाड होतं. त्याच्यावर सुंदरा कावळी येऊन बसली. नुसती बसली. डबकं आटलं की पोरं आयतीच वेचायची होती.

हौसाक्कानं एकदा झाडाकडं पाहिलं, एकदा पोरांकडं पाहिलं, आणि टणाटण उड्या मारत कचेरी गाठली.

तिनं विचारलं, की पाणी का नाही? हणमंतानं खरं ते सांगितलं. मग म्हणाली, सीडी आहे ना, घाला की आत. सगळे तिच्याकडं असे बघायला लागले, जसं काही तिनं घटातलं धान्य दळायला मागितलंय.

"हौसाक्का," आबासाहेब म्हणाले, "पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्याचं शिलंगण झाल्याशिवाय उचलत नाहीत. तू आई आहेस, तुला एवढं कळू नये?"

"मला कळतं हो. पण माझ्या पोरांना श्वास घ्यायला शिलंगणाची वाट बघायची ते कळत नाही," हौसाक्का म्हणाली.

भाऊसाहेबांनी तिला पाणी पाजलं. एक पेला. डबक्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. आणि तिची भावना आबासाहेबांच्या कानावर घालतो म्हणाले. आबासाहेब तिथंच बसले होते.

दसरा उजाडला. डबकं निम्म्याच्या खाली गेलं. पोरं मधल्या खोलगट भागात एकमेकांवर वळवळायला लागली. हौसाक्का दिवसभर ओल्या चिखलाचे गोळे काठाला लावत बसली. कावळी एक फांदी खाली आली.

मग शिलंगण झालं, आपट्याची पानं वाटून झाली, आणि आबासाहेबांनी शिंगाची किल्ली सोडली. वाजतगाजत सीडी आणली. हणमंतानं ती कॉम्प्युटरात सारली. आत चंदन खरवडल्याचा आवाज झाला. कॉम्प्युटरनं जीभ बाहेर काढावी तशी सीडी बाहेर टाकली. वर अक्षता चिकटलेल्या होत्या.

भाऊसाहेब म्हणाले, हिला आंघोळ घातली पाहिजे. हणमंतानं ओला मऊ कपडा पुढं केला. भाऊसाहेब म्हणाले, "ठेव तो. देव घासायची एक पद्धत असते." आणि त्यांनी चिंचेचा कोळ घेतला, नारळाचा काथ्या घेतला, आणि तांब्याचं ताम्हन घासावं तशी ती सीडी खसाखस घासली. चांगली लखलखीत होईपर्यंत घासली. मग उन्हाला धरून बघितली. तिच्यावर इतक्या रेघा पडल्या होत्या, की तिच्यात बघितलं तर एका भाऊसाहेबांचे पन्नास दिसत होते. जंगलाला तेवढे परवडणारे नव्हते.

परत आत घातली. कॉम्प्युटर जरा वेळ घोगरा घोगरा रडला आणि गप्प झाला.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर नवी सीडी करता आली असती. पण जंगलात दुसरा कॉम्प्युटर नव्हता. त्या एकाच्याच भरवशावर दांडा कापला होता. असो. आबासाहेब म्हणाले, देवीची इच्छा. आता थंडीत पाहुणा येईल तेव्हा बघू. भाऊसाहेब म्हणाले, तोवर एक नवी मखमल घेऊ.

हौसाक्का त्यांच्याशी भांडली नाही. भांडायला ती कमी नव्हती, पण भांडून पाणी येत नाही. ती परत डबक्यावर गेली आणि करंजाखाली उभी राहून वर बघायला लागली.

"वर काय बघतेस?" सुंदरा म्हणाली. "मी निवांत आहे. मला घाई नाही."

"तुझ्या घरट्यात आरसा आहे म्हणं."

"आहे. सापडलेला आहे. चोरलेला नाही."

"चोरलेला असला तर फार बरं झालं. नीट ठेवलायस का?"

नीट म्हणजे काय, सुंदरानं ती सीडी जशी ठेवली होती तशी कुणी ठेवली नसेल. रोज सकाळी छातीच्या मऊ पिसांनी आतून बाहेर पुसायची. नखांचे डाग पडू नयेत म्हणून कडेनं धरायची. मग तोंड बघायची. आणि परत गवतात उपडी घालायची. जंगलानं जिचा निषेध केला तिच्याकडं ती सीडी अशी होती, जशी पाहुण्यानं दिली तशी.

हौसाक्कानं ती मागितली. सुंदरा खो खो हसली. म्हणाली, तू मला माझं जेवण वाढलेलं ताट उचलून दे म्हणतेस, वरून माझा आरसाही देऊ? हौसाक्का एक उडी जवळ सरकली. मग तिनं विचारलं,

"सुंदरे, तुझी चोच कशी आहे गं?"

कावळी हसायची थांबली.

पोरांनो, तिच्या आरशाला मधोमध भोक होतं. समोर धरला की दोन्ही डोळे दिसायचे, कपाळ दिसायचं, गळा दिसायचा. आणि चोचीच्या जागी भोक, त्यातून घरट्यातल्या काड्या. आरसा सरकवला तर चोच यायची, पण मग डोळा जायचा. आपलं सबंध तोंड तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. बाकीच्यांच्या चोची बघून बघून तिला आतून भीती वाटायची, की आपली वाकडी तर नाही? आणि हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. असं कुणाला सांगणार?

"पाण्याला भोक नसतं," हौसाक्का म्हणाली. "वरच्या तळ्यात म्हशी डुंबतात, तिथं गढूळ. माझं डबकं भरलं की हलत नाही. सबंध तोंड दिसतं, मागच्या आभाळासकट."

"आणि तुझी पोरं? ती वळवळली की माझं तोंड हलेल."

"ती तळाला राहतात. तू खायला चोच घातलीस तर मात्र हलेल. ते तुझं तू बघ."

सुंदरा बराच वेळ फांदीवर डावी उजवीकडं सरकत राहिली. खाली पोरांच्या पाठी पाण्याबाहेर दिसायला लागल्या होत्या. मग ती उडाली आणि आली ती सीडी घेऊनच. वर म्हणाली, की चोच वाकडी निघाली तर एकेक पोर मोजून खाईन.

दोघी कचेरीत गेल्या. चोर आणि फिर्यादी एका दारानं आत आल्यावर भाऊसाहेब उठून उभे राहिले. म्हणाले, चोरीचा माल अंगाला लावायचा नसतो, आधी ठराव लागेल. हौसाक्का म्हणाली, तुम्ही ठराव करा, आम्ही तोवर सीडी घालतो. हणमंतानं आबासाहेबांकडं पाहिलं, मग हौसाक्काच्या डोळ्यांकडं पाहिलं. आबासाहेबांची शिंगं बरी, असं वाटून त्यानं सीडी आत सारली आणि कॉम्प्युटर चालू केला.

काळा पडदा. लुकलुकणारी रेघ.

भाऊसाहेब म्हणाले, "बघितलंत? चोराच्या हाताला यश नसतं."

हौसाक्का पडद्याकडं बघतच होती. ती म्हणाली, हणमंता, सुरुवातीला खाली एक बारकी ओळ येऊन गेली. काय होतं त्यात? हणमंता म्हणाला, कसली ओळ? मी इतके दिवस बघतोय, ओळबिळ काही येत नाही.

पोरांनो, का येत नव्हती ते सांगते. त्या कचेरीत कॉम्प्युटर चालू केला की सगळे डोळे मिटून नमस्कार करायचे. डोळे उघडेपर्यंत ओळ गेलेली असायची.

"परत लाव," हौसाक्का म्हणाली. "आणि हात खाली ठेव. मी सांगते तेव्हा वाच."

हणमंतानं परत लावला. हात आपोआप जुळायला लागले, ते त्यानं पायाखाली दाबून धरले. ओळ आली. त्यात लिहिलं होतं, की कुठून उठायचं ते निवडायला अमुक बटण दाबा. गंमत एवढीच होती. कॉम्प्युटर बिचारा सवयीनं आधी स्वतःच्याच पोटातून उठायला जात होता, आणि पोट तर बिघडलेलं. त्याला सांगायला पाहिजे होतं, की बाबा, आज सीडीवरून ऊठ. हणमंतानं बटण दाबलं. यादीतली सीडी निवडली.

सीडी आत गरगर फिरली. कुठं खरवडलं नाही, कुठं अडलं नाही. पडद्यावर पोटवाला पक्षी आला. आबासाहेबांना भरून आलं.

शेजारीण येऊन आपल्या चुलीवर स्वयंपाक करून देते ना, तसं त्या सीडीनं केलं. आपलं सगळं सामान घेऊन आली आणि कॉम्प्युटर चालवायला लागली. हणमंता आत गेला. बघतो तर घर शाबूत, दाराचं टाइमटेबल जागेवर, सगळं जिथल्या तिथं. नुसता उंबरा निखळला होता, ज्याच्यावरून आत शिरायचं तो. सीडीत त्याचंही औजार होतं. हणमंता पहिल्यांदाच ते हातात घेत होता, म्हणून दोनदा चुकला. तिसऱ्यांदा उंबरा बसला. मग अर्धवट राहिलेलं अपडेट पुरं केलं, सीडी बाहेर काढली आणि कॉम्प्युटर स्वतःचा स्वतः उठतो का ते बघायला परत चालू केला.

उठला. आणि तळ्याकडून लोखंड करकरल्याचा आवाज आला.

हौसाक्का ऐकायला थांबली नाही. ती डबक्यावर पोचली तेव्हा पाटातून पाणी आधी लाळेसारखं, मग करंगळीएवढं, मग धो धो यायला लागलं होतं. चिखलात आडवी पडलेली पोरं तरंगली, वळली, आणि आई कुठं होती म्हणून न विचारता खेळायला लागली. पोरं अशीच असतात.

डबकं भरलं, पाणी निवळलं. सुंदरा काठावर आली आणि वाकली. मग किती तरी वेळ तशीच वाकून राहिली.

"वाकडी आहे का?" हौसाक्कानं विचारलं.

"सरळ आहे," सुंदरा म्हणाली. "चांगली सरळ आहे गं."

त्यानंतर ती रोज यायची आणि भूक लागेपर्यंत स्वतःला बघायची. भूक लागली की चोच पाण्याकडं न्यायची, तोंड हलायचं, की चोच मागं. शेवटी उडून भलतीकडं काहीबाही खाऊन यायची. तेवढ्यात पोरांना पाय फुटले.

आता तुम्हाला वाटेल, जंगल शहाणं झालं. झालं की. आबासाहेबांनी सभा बोलावली आणि जाहीर केलं, की ही दुसरी सीडीच खरी संकटतारिणी, आधीची नकली होती. नवी मखमल आलेलीच होती. मांडव घातला. भाऊसाहेबांनी चंदन उगाळलं. लाऊडस्पीकर आणला आणि पिन शोधायला गेले, तर पिनेवर हौसाक्का बसलेली. हलेना. मग आरती तोंडानंच म्हणायची ठरली.

सगळ्यांनी हात जोडले. सगळ्यांनी डोळे मिटले. करंजावरून सुंदरा उतरली, पाटावरची सीडी कडेनं अलगद उचलली आणि उडाली. हौसाक्काचे डोळे टक्क उघडे होते. तिनं सगळं पाहिलं. आणि आरतीचं पुढचं कडवं जरा मोठ्यानं म्हटलं.

जंगलानं सुंदराचा परत निषेध केला. ती दर अमावास्येला सीडी घेऊन मागच्या खिडकीनं येते, हणमंता लावून बघतो, आणि ती घेऊन जाते. हे भाऊसाहेबांना अजून ठाऊक नाही. तुम्ही सांगू नका.

आणि जंगलात कॉम्प्युटर कशाला, ते विचारणारं पोर कुठं गेलं? झोपलं वाटतं. बरं झालं. मला तरी कुठं ठाऊक आहे.

तात्पर्य : चोरी करणं वाईट. पण ज्या गावात जपणारे फार झालेत, तिथं एखादी चोरटी कावळी सांभाळून ठेवावी, आणि कामाची वस्तू तिच्या नजरेस पडेल अशी ठेवावी. नमस्कार सगळ्यांनी करावा. एकीनं डोळे उघडे ठेवून पिनेवर बसावं.